मोहापाशी चुकलेली वाट

रविवारी सकाळी सव्वीस माणसं मुरमाच्या खदानीच्या काठावर येऊन थांबली. पुढं वाटच नव्हती. वर्षाली नावाच्या शिक्षिकेचा पाय मुरमावरून घसरून मुरगळला, तेव्हा सगळे प्रभाकररावांकडं बघू लागले. वर्ध्याच्या टेकडीवरून पलीकडच्या सालई गावाला जाणाऱ्या पायवाटेची पुस्तिका त्यांनीच लिहिली होती, आणि तीच हातात धरून मंडळी निघाली होती.

प्रभाकरराव कॉलेजात ग्रंथपाल होते. टेकडीवर ते रोज जायचे, पण पायथ्याच्या बाकापर्यंतच. तिथं वाचत बसायचे. वाट त्यांना सांगितली होती प्रेमदासनं. प्रेमदासनं तीस वर्षं सालईची डाक वाटली. सकाळी तो एसटीनं जायचा. संध्याकाळी परतीची गाडी नसायची, म्हणून टेकडी ओलांडून पायी घरी यायचा.

टेकडी मंडळाचे गजेंद्र यांनी सर्वांसमोर विचारलं, हे असं कसं झालं? प्रभाकररावांनी हातातली पुस्तिका मिटली.

"प्रेमदासनं सांगितलं, तसंच लिहिलं मी."

"अशा लोकायच्या भरवशावर पुस्तकं लिहितेत काय सर?" गजेंद्र म्हणाले. दोघंतिघं हसले. 'अशा लोकां'चा अर्थ प्रभाकररावांना नीट कळला. ते चष्मा पुसत राहिले.

घरी येऊन त्यांनी वही उघडली. प्रेमदासनं सगळी वाट सालईकडून सांगितली होती. तो तिकडूनच तर चालत यायचा. प्रभाकररावांनी टेबलाशी बसून ती उलटी केली होती, डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं. फक्त एका ठिकाणी ते थबकले होते. 'मोहाले उजवा हात देऊन निघा,' असं प्रेमदास म्हणाला होता. ते वाक्य त्यांना इतकं आवडलं, की त्याला हात लावावासा वाटला नाही. भाषा तेवढी शुद्ध करून त्यांनी ते तसंच छापलं. शहराकडून येणाऱ्यानं मोहाचं झाड डाव्या हाताला ठेवायला हवं होतं.

सोमवारी ते प्रेमदासकडं गेले नाहीत. मंगळवारीही दुपारपर्यंत कारणं शोधत बसले. शेवटी प्रेमदासच्या दारात उभे राहिले, तर त्याची बायको तानाबाई एकटीच होती.

"टेकडीवर गेले. रविवारपासून रोज जाऊन राह्यले," ती म्हणाली. "कोनं तरी चौकात बोललं त्याइले. तवापासून म्हनतेत, मलेच वाट आठवत नाई आता. जेवतबी नाई धड. तुमी सांगा न त्याइले काई."

प्रभाकरराव तसेच टेकडीकडं निघाले. बाकाच्या पुढं ते पहिल्यांदाच एकटे चढले, गुडघे धरत, दर वळणावर थांबत. मोहाखाली प्रेमदास बसला होता.

"सर, मी चार खेपा फिरून पाह्यलं," तो आपणहून म्हणाला. "मले तं बरोबरच वाटते. पन माहंच चुकलं असन. वय झालं."

"तुमचं काही चुकलं नाही, प्रेमदास." मग त्यांनी वही, टेबल, ते आवडलेलं वाक्य, सगळं सांगितलं. खदानीपाशी आपण कुणाचं नाव घेतलं, तेही सांगितलं.

प्रेमदासनं उठून पायजम्याची धूळ झटकली.

"मले काऊन सांगता सर? मी तं नव्हतो तिथं. जे होते त्याइले सांगा."

पुढच्या रविवारी पायथ्याशी मंडळी जमली, तेव्हा प्रभाकररावांनी सांगितलं. आवाज मागच्यांपर्यंत पोचलाच नाही. "जाऊ द्या न सर, झालं ते झालं," गजेंद्र म्हणाले. गेला आठवडाभर प्रभाकरराव मनातल्या मनात याच वाक्याची वाट पाहत होते. आता ते ऐकून त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यानं.

"आणि गजेंद्रजी, 'अशा लोकां'वर तुम्ही बोललात, तेव्हा मी गप्प बसलो. चूक माझी होती, तरी गप्प बसलो."

कुणी हसलं नाही. गजेंद्र बुटाची नाडी बांधायला वाकले. पायाला पट्टी बांधलेली वर्षाली बाकावर बसली होती. तिनं विचारलं, "मग सर, आज वाट कोण दाखवणार?"

"प्रेमदासना बोलावलं आहे," प्रभाकरराव म्हणाले. "येतील की नाही, मला सांगता येत नाही."

सात वाजून गेले. ऊन बाकावर आलं. प्रभाकरराव रस्त्याकडं तोंड करून उभेच राहिले.