पाठकोऱ्या कागदांची पेटी

माणूस तोंडाने खोटं बोलेल, त्याचा कचरा खोटं बोलत नाही. घरांसाठी अर्ज घेणाऱ्या त्या सरकारी ऑफिसात मी एकोणतीस वर्षं झाडू मारला. कोण टेबलाखाली शेंगांची टरफलं सांडतो, कोण चिठ्ठीचे तुकडे चार टोपल्यांत वाटून टाकतो म्हणजे कुणाला जुळवता येऊ नयेत, सगळं मला ठाऊक. म्हणून नवे साहेब आले आणि पहिल्याच सोमवारी त्यांनी सगळ्या टेबलांखालच्या टोपल्या उचलायला लावल्या, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

"मावशी, आजपासून कचरा कमी," साहेब म्हणाले.

"कचरा टोपलीत नसतो साहेब, माणसात असतो. टोपल्या नेल्या तर तो खिशात जाईल."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. न हसणाऱ्या माणसावर माझा आधीपासूनच विश्वास नाही.

टोपल्यांच्या जागी व्हरांड्यात दोन पेट्या आल्या. दोन्हीकडून भरलेला कागद एका पेटीत, तो लगद्याला जायचा. पाठकोरा कागद दुसऱ्या पेटीत. दर शनिवारी शिपाई ते पाठकोरे कागद सारखे करून रचायचा, कडेला डिंक लावून त्यांची पॅडं करायचा आणि टेबलाटेबलावर वाटायचा. टाचण्या बंद, दोरे बंद, प्लास्टिकच्या फायली बंद. कागदांचा कोपरा दुमडा आणि भागवा. ऑफिसने साहेबांचं नाव ठेवलं पाठकोरे साहेब. भिंतीवर त्यांचं परिपत्रक लागलं, चांगलं दीड पान. सगळे समोर उभे राहून वाचत होते, मीही उभी राहून मान हलवत होते. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले. एकेक अक्षर जुळवत वाचते, पण चारचौघांत बोट ठेवून वाचायला मी काय पहिलीतली पोर आहे? आणि कुणाला "वाचून दाखव" म्हणण्यापेक्षा मी जीभ तोडून दिली असती.

मला वाचायची गरजही नव्हती. जिवंत कागद मी दारातून ओळखते. त्याच्यावर आवकचा जांभळा शिक्का असतो. खाली पडलेल्या कागदावर शिक्का दिसला की टेबलावर परत, नसला की पेटीत. एकोणतीस वर्षांत एकदा चूक नाही.

आवकच्या टेबलावर माझी सूनच बसते. परीक्षा देऊन लागली, माझ्या ओळखीने नाही, हे ती मला महिन्यातून एकदा ऐकवते. वर्षभर तात्पुरती होती, महिनाअखेर कायम होणार होती. अन् तेवढ्यात अर्जांची पानं गायब व्हायला लागली.

गंमत बघा. पहिलं पान जागेवर, मागची पानं बेपत्ता. सात अर्ज असे बोडके झाले. पानं नाहीत म्हणजे अर्ज अपुरा, अपुरा म्हणजे घराचा नंबर गेला. त्यातला एक अर्ज एका म्हाताऱ्याचा होता. तीन दिवस तो व्हरांड्यातल्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याच्या पायाभोवतीने झाडायची आणि तो दर वेळी पाय वर घेऊन म्हणायचा, "सापडलं का हो?" जसं काही मीच शोधतेय.

हेडक्लार्कने सुनेकडे बोट दाखवलं. "आवक तिच्याकडे, जबाबदारी तिच्याकडे." मंगळवारी अकराला चौकशी ठरली. चौकशीत दोषी ठरली तर कायम होणं राहिलं बाजूला, होती ती नोकरीही जायची.

मी डोळे उघडे ठेवले. हेडक्लार्कवर माझा पहिला संशय. त्याचा मेहुणा घरासाठी रांगेत होता, चार नंबर गळले की त्याचा नंबर वर. भंगारवाल्यावर दुसरा. लगद्याचं पोतं उचलताना तो हल्ली फार गोड बोलायचा. साहेबांवर तर होताच. टोपल्या काढल्या कशाला? कोण काय टाकतं ते दिसावं म्हणून, की आपण काय टाकतो ते दिसू नये म्हणून? मी भंगारवाल्याचं पोतं उलटं करून पाहिलं. हेडक्लार्कच्या कपाटामागे झाडू घालून पाहिलं. हाती लागल्या दोन टाचण्या आणि एक मेलेली पाल.

आणि मग मला सुनेची पिशवी दिसली.

सकाळी जाताना चपटी, संध्याकाळी येताना फुगलेली. आधी वाटलं भाजी असेल. पण भाजी रोज मीच आणते. विचारलं तर म्हणाली, "काही नाही आई, ऑफिसचं." ऑफिसचं घरी कशाला? शिवाय जेवण झालं की ती आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची आणि आतून कागद फाडल्याचा आवाज यायचा. माझा मुलगा गाडीवर, आठवडा आठवडा बाहेर. सांगू कुणाला? चार दिवस मी तिच्याकडे पाहत होते आणि तीही माझ्याकडे पाहत होती. एका ताटात भात वाढायचा आणि एकमेकींच्या हाताकडे बघायचं, असं चाललं होतं.

रविवारी दुपारी ती न्हाणीत गेली आणि मी पिशवी उघडली. आत पॅडं. पंधरा-वीस असतील, सगळ्यांच्या टेबलांवरची. एकावर हेडक्लार्कने मेहुण्याचा फोन नंबर लिहिला होता. पान उलटलं. मागे कुणाचं तरी नाव, पत्ता, सही. जिवंत कागद! बाईने अर्ज फोडून त्यांची पॅडं केली होती.

ती ओल्या केसांनी बाहेर आली. पॅडं जमिनीवर मांडून मी बसले होते.

"तुम्ही माझी पिशवी उघडलीत?"

"माझ्या घरातली, माझ्या खुंटीवरची पिशवी. उघडेन नाहीतर तिच्यात झोपेन. हे काय आहे ते सांग. घरातच चोर पाळला म्हणायचा मी?"

तिने टॉवेल खांद्यावर टाकला आणि माझ्यासमोर मांडी घातली. "पाळलाय तर मीच, आई. पण चोर नाही तो, हट्टी आहे."

"कोड्यात बोलू नकोस."

"पाठकोऱ्या पेटीत कागद कोण टाकतं?"

"मी."

"कुठले?"

"शिक्का नसलेले. तुला माहीत नाही का?"

"परिपत्रकात चौथा नियम काय आहे?"

मी पॅडं एकावर एक रचायला लागले. बाहेर कुणीतरी बादली आपटली.

"शाई वाचवायची म्हणून शिक्का फक्त पहिल्या पानावर," ती हळूच म्हणाली. "टाचणी नाही, दोरा नाही, डोक्यावर पंखा. मागची पानं उडतात, खाली पडतात. सकाळी तुम्ही उचलता. शिक्का दिसत नाही..."

तिला पुढे बोलावं लागलं नाही. हेडक्लार्क, भंगारवाला, साहेब, सून, सगळ्यांच्या मागे फिरून मी माझ्याच दारात येऊन उभी राहिले होते. काखेत कळसा म्हणतात तो असा.

"कधी कळलं तुला?"

"दहा दिवस झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"चार महिन्यांत तुम्ही निवृत्त होणार. एकोणतीस वर्षांत नावाला डाग नाही, हे मी लग्न झाल्यापासून रोज ऐकतेय. म्हटलं, पॅडं गोळा करून त्यांतली पानं फाडून काढू आणि गुपचूप परत लावू. सहा अर्जांची सगळी पानं मिळाली. म्हातारबाबांचं एक पान राहिलंय. तेवढं मिळालं की चौकशीत दाखवायचं आणि म्हणायचं, दुसऱ्या फायलीत गेली होती."

"म्हणजे खोटं तू बोलणार आणि नाक माझं शाबूत राहणार?"

"तुमचं नाक मोठं आहे आई, ते वाचवायला कुणीतरी लागतंच."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर झाडू काढला असता. तिच्यासमोर मी उठून चूल पेटवली. त्या रात्री झोप लागली नाही.

मंगळवारी सकाळपर्यंत सातवं पान मिळालं नव्हतं. सगळी पॅडं पाहून झाली होती, एक सोडून. ते साहेबांच्या टेबलावर होतं, तिथे सुनेचा हात पोचत नव्हता.

अकराला मी झाडू घेऊन साहेबांच्या खोलीत शिरले. सून उभी, हेडक्लार्क बसलेला.

"मावशी, चौकशी चालू आहे. नंतर झाडा."

"झाडायला आले नाही. चोर आणलाय."

"कुठाय?"

"हा काय, तुमच्यासमोर उभा आहे."

सून "आई" म्हणाली, ऑफिसात पहिल्यांदाच. मी तिला हाताने थांबवलं आणि सगळं सांगितलं. शिक्का, पंखा, पेटी. आणि जे सांगायला सगळ्यात जड गेलं तेही सांगितलं. "तुमचं परिपत्रक मी वाचलं नाही. मला ते इतकं भरभर वाचता येत नाही आणि कुणाला विचारायची मला लाज वाटली. ती चूक माझी. पण माझी खूण तुम्ही मला न विचारता पुसलीत, ती तुमची. आता तुमचं पॅड उलटं करा."

साहेबांनी पॅड जवळ ओढलं. मग एकेक पान उलटू लागले. अकराव्या पानाच्या मागे निळ्या शाईचा अंगठा होता, म्हाताऱ्याचा. पुढच्या बाजूला साहेबांच्या सुबक अक्षरात यादी होती. दिवे बंद, नळ बंद, कागद वाचवणे.

"यावर मी लिहिलंय," ते पुटपुटले.

"असू द्या. वाचला ना शेवटी कागद."

हेडक्लार्क खोकला की हसला, कळलं नाही. साहेबांनी बेल वाजवली आणि बाकावरच्या म्हाताऱ्याला आत बोलावलं.

सुनेचं कायम होण्याचं पत्र महिनाअखेर आलं. त्याच दिवशी मलाही एक कागद आला, ताकीद देणारं ज्ञापन, एकोणतीस वर्षांतलं पहिलं. व्हरांड्यात सगळ्यांसमोर मी तो सुनेच्या हातात दिला. "वाच. मोठ्याने. एकही ओळ गाळायची नाही." तिने वाचलं. शिक्का आता पुन्हा प्रत्येक पानावर पडतो आणि अर्जांना दोरा आहे. टोपल्या काही परत आल्या नाहीत. येऊ नयेत.

संध्याकाळी बाहेर पडताना मी तिच्या खांद्यावरची पिशवी ओढली.

"रिकामी आहे, आई."

"तरी दे," मी म्हटलं.