गाठ की गुंता

इस्पितळातली ती मुलगी हातात कागद घेऊन वॉर्डात आली की धाकटी उगाच चादरीच्या घड्या घालत बसायची. मुलगी बिचारी गोड होती. छातीत गाठ लागल्यावरही बायका डॉक्टरांकडे यायला इतका उशीर का करतात, यावर मोठ्या डॉक्टरबाईंचं संशोधन चाललं होतं आणि ही खाटेखाटेवर जाऊन प्रश्न विचारायची. आज थोरलीची पाळी होती. चौथा प्रश्न कोणता, ते धाकटीनं शेजारच्या खाटेवर ऐकून ठेवलं होतं: गाठ पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा कुणाला सांगितलं?

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. जावाजावांचं कसं असतं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. या दोघींनी मात्र जगाला खोटं पाडायचा विडा उचलला होता. पहिली दोन वर्षं स्वयंपाकघरात मनसोक्त भांडून झालं, मग दोघींनी मिळून पडदे शिवायचं दुकान काढलं आणि भांडायला वेळच उरला नाही. अठरा वर्षं त्या एकमेकींकडे पाठ करून शिवत बसल्या. पाठ करून, कारण खोली अरुंद, समोरासमोर दोन खिडक्या आणि उजेड दोघींनाही हवा. पुढे हाताखाली पाच बायका आल्या, पण त्या दोन खुर्च्या काही हलल्या नाहीत.

बोलणंही पाठमोरंच. सात मशिनींच्या खडखडाटात लांबण लावतो कोण? “टेप” म्हटलं की मागून टेप यायची, “टाचण्या” म्हटलं की डबी. आणि मशिनीखाली धाग्याचा गोळा होऊन सुई अडली की म्हणायचं, “गाठ आलीये.” दुसरीनं मग मान न वळवता कात्री मागे धरायची, टोक आपल्याकडे, मूठ तिच्याकडे. इतक्या वर्षांत कुणाला साधा ओरखडा उठला नाही, याचा दोघींना कोण अभिमान!

गेल्या वर्षी एका हॉटेलचे दोनशे पडदे अंगावर घेतले होते. धाकटीच्या मांडीवर अस्तराचा ढीग, तोंडात टाचण्या आणि डोक्यात मॅनेजरनं दिलेली तारीख. मागून थोरली म्हणाली, “धाकटे, गाठ आलीये गं.”

धाकटीनं कात्री मागे धरली. टाचण्यांमधूनच म्हणाली, “कापा आणि व्हा पुढे.”

कात्री घ्यायला थोरलीनं जरा वेळ लावला. मग घेतली. “बरं,” म्हणाली. थोड्या वेळानं तिची मशीन पुन्हा सुरू झाली.

सात महिन्यांनी छातीवरची कातडी आत ओढल्यासारखी दिसायला लागली, तेव्हा कुठे थोरलीनं तोंड उघडलं. धाकटीनं तिला अक्षरशः हाताला धरून इस्पितळात नेलं. तुकडा काढून तपासला, फोटो झाले. दुखणं यकृतापर्यंत आणि हाडांपर्यंत पोचलं होतं. “कधीपासून आहे?” डॉक्टरांनी विचारलं. “झाले असतील दोन महिने,” थोरली भिंतीकडे बघत म्हणाली. आणि तिथे, त्या स्टुलावर बसल्या बसल्या, धाकटीला कात्री आठवली. सुई अडली की आधी खट्ट होतं. त्या दिवशी खट्ट झालंच नव्हतं.

तेव्हापासून तिनं जाऊबाईंचं सगळं केलं. सलाइनच्या दिवशी उशाशी बसली, उलटीचं भांडं धरलं, गळालेले केस उशीवरून वेचले. पण एक गोष्ट विचारायची हिंमत होईना: तुम्हाला तो दिवस आठवतो का? आपल्याच एका शब्दानं घरातलं माणूस जायला निघालं, हे ती कुणाला सांगणार होती?

“मावशी,” मुलीनं चौथ्या प्रश्नावर पेन टेकवलं, “गाठ लागली तेव्हा कुणाला सांगितलंत?”

“कुणालाच नाही,” थोरली म्हणाली.

धाकटीला सुटल्यासारखं वाटलं, आणि मागोमाग स्वतःचीच शरम वाटली.

“घरात, कामावर, कुणी जवळची बाई नव्हती?”

“होती की. पण ती कामात होती.”

म्हणजे आठवत होतं. सगळं आठवत होतं, आणि इतके दिवस या बाईनं चकार शब्द काढला नव्हता.

“खोटं सांगतायत त्या,” धाकटी म्हणाली. “मला सांगितलं होतं. लिही. जावेला सांगितलं, आणि जावेनं कात्री दिली.”

“कात्री?” मुलगी गोंधळली.

“काही लिहू नकोस गं,” थोरली म्हणाली. “माझं काय, मी चालले. हिला राहायचंय.”

मग मात्र धाकटीचा बांध फुटला. शेजारच्या खाटेवरची बाई बघत होती तरी ती थांबली नाही. “पुन्हा का नाही बोललात हो? हाक मारायची, पाठीत धपाटा घालायचा! कानफटात मारली असतीत तरी चाललं असतं.”

“पहिल्यांदा म्हणायलाच चार दिवस लागले होते मला. तू पाठमोरी होतीस म्हणून तर जमलं. दुखतही नव्हतं. म्हटलं, पडदे जाऊ देत आधी.” थोरली जमेल तेवढं हसली. “आणि तू काय वाईट सांगितलंस? वेळेवर आले असते तर डॉक्टरही कापाच म्हणाले असते.”

मुलीनं मान खाली घातली. कागदावर तिनं हळूच ‘जावेला’ असं लिहिलं, ते धाकटीनं पाहिलं.

“एक कर,” थोरली धाकटीला म्हणाली. “दुकानात आजपासून धाग्याला गाठ म्हणायचं नाही. गुंता म्हणा. आणि कुणी गाठ म्हणाली, की सगळ्यांनी हातातलं काम टाकायचं. ऑर्डर गेली खड्ड्यात.”

दोन महिन्यांनी थोरली गेली. धाकटीनं पाचही जणींना बसवून नियम सांगितला, का ते सांगितलं, स्वतःचं काही लपवलं नाही. बायका शहाण्या, आठवड्याभरात जीभ वळली. गुंता झालाय, कात्री द्या. थोरलीची खुर्ची तिथेच होती, तिच्यावर कुणी बसत नव्हतं.

एका दुपारी धाकटीच्याच मशिनीखाली खट्ट झालं. अठरा वर्षांची सवय ती, कुठे जाणार? “गाठ आलीये,” ती म्हणाली आणि कात्रीसाठी तिनं हात मागे धरला, रिकाम्या खुर्चीकडे.

पाचही मशिनी एकदम थांबल्या.

धाकटीनं वळून पाहिलं. पाचही जणी तिच्याकडे तोंड करून होत्या. एक अर्धी उठली होती, तिच्या मांडीवरचा पडदा जमिनीवर लोळत होता. एकीच्या तोंडात टाचण्या तशाच होत्या.

“कुठे?” अर्धी उठलेली होती तिनं विचारलं. “कधीपासून?”

धाग्याची आहे गं, एवढं सांगायचं होतं. धाकटीनं कात्रीसाठी धरलेला हात मागे घेतला. ती त्या पाच तोंडांकडे बघत राहिली. इतकंच तर करायचं होतं. नुसतं वळायचं होतं.