कर्नल वेबचा रंग

डेलिया नावाच्या विलायती फुलझाडाविषयी मधुसूदनराव टिपणीसांना जेवढा आदर होता, तेवढा आपल्या सख्ख्या मामांविषयीही नव्हता. वस्तुतः त्या झाडात आदर करण्याजोगे काहीच नव्हते. देठ पोकळ, काठीचा आधार काढला की मान टाकणार. पाणी साचले की कुजणार, ऊन चढले की सुकणार. फूल ताटलीएवढे आणि वासाच्या नावाने शून्य. परंतु ते आगबोटीतून आले होते, आणि त्याच्या सात जातींना सात बड्या लोकांची नावे होती: कर्नल वेब, जनरल पार्कर, बिशप, सर एडविन, डचेस, लेडी मेबल आणि मिसेस हॅरिसन. एवढी मंडळी आपल्या हाताखाली एका वाफ्यात उभी राहणार, या कल्पनेनेच रावांची छाती फुगे.

जव्हारला पाहुण्यांच्या बंगल्याची बाग त्यांच्याकडे होती. दसऱ्यानंतर नाशिकला फुलांचे प्रदर्शन भरणार होते. तिथे सातही जाती अचूक नावानिशी मांडायच्या, पहिले बक्षीस आणायचे आणि संस्थानातल्या सर्व बागांचे मुख्य व्हायचे, असा त्यांचा बेत होता.

लावणी त्यांनी पद्धतशीर करवून घेतली. ज्येष्ठात सोमवार ते रविवार, रोज एक जात. कोणत्या वारी कोणती जात जमिनीत गेली, ते वहीत लिहिले. प्रत्येक झाडापाशी नावाची लाकडी पट्टी रोवली. वाफ्यांचा नकाशा काढला. फक्त वाफ्यांचा उतार उलटा ठेवला. आषाढात पाणी तुंबले तेव्हा राव तापाने घरी पडून होते. बागेत कामाला असलेल्या सुकरीने सगळी झाडे मातीच्या गोळ्यांसकट उचलून उंच बांधावर नेली, म्हणून ती जगली. राव बरे होऊन आले तेव्हा पट्ट्यांवरची शाई धुऊन गेली होती आणि नकाशाला काही अर्थ उरला नव्हता.

सुकरी मूळची सूर्यमाळची. तिकडच्या पाड्यांवर मूल ज्या वारी जन्मते, त्या वाराचे नाव घेऊनच ते वाढते. झाड जमिनीत गेले तो त्याचा जन्म, या हिशेबाने तिने या सातही जणींचे बारसे परस्पर उरकले होते. भाद्रपदातल्या एका सकाळी रावांनी ते ऐकले.

"ए मंगळे, सरळ उभी रहा ना. बुधी बघ, तुझ्याहून बरी."

"कोणाशी बोलतेस?" राव कडाडले.

"या तुझ्या लुळ्यांशी." तिकडच्या रीतीप्रमाणे सुकरी सर्वांनाच एकेरी हाक मारी, रावांच्या मनात त्याचाही राग होता. "ही सोमी, ही मंगळी, ती बेस्तरवारची बेस्ती. आन् ती कोपऱ्यातली सुकरी."

"तुझ्याच नावाची?" फुलझाडांना पाणी घालणारा सखा हसला.

"शुक्रवारची ती सुकरीच. मलाच लाज वाटते. तिला काठी लागते, मला नाय लागत."

"इंग्लंडच्या सरदारांना पाड्यावरची नावे?" राव म्हणाले. "पुन्हा ऐकली तर बागेत पाऊल ठेवायचे नाही."

सुकरीने मोठ्याने हाका मारणे सोडले. फुलांकडे मात्र ती पूर्वीच्याच तुच्छतेने पाहत राहिली.

नाशिकला निघण्याच्या सकाळी सात फुले ओल्या शेवाळात बांधून तयार होती. टांगा उभा होता. कोऱ्या चिठ्ठ्या रावांच्या हातात होत्या, आणि कोणते फूल कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. सुकरी शेवाळ चेपत खाली बसली होती.

"ही कोणती?" फिकट गुलाबी, झालरीसारख्या फुलाकडे बोट करून त्यांनी विचारले. शक्य तितक्या सहज.

"तू नाव घेऊ नको म्हणालास."

"विचारतो आहे ना मी."

"मंगळी."

रावांनी वही उघडली. मंगळवार: कर्नल वेब. त्यांनी फुलाकडे पाहिले, पुन्हा वहीकडे पाहिले, आणि त्यांना हसू आले. लढाया मारलेला कर्नल फिकट गुलाबी? झालरीचा? या बाईच्या सांगण्यावर विसंबून आपण ब्रिटिश फौजेची अब्रू घालवणार होतो. "चुकतेस तू," ते म्हणाले.

"मीच लावली. मीच उचलली."

"रावसाहेब, ती चुकत नाय," सखा हळूच म्हणाला.

रावांनी पहिली चिठ्ठी उचलली. रक्तासारख्या लाल फुलाला त्यांनी कर्नल वेब केले. पांढऱ्याशुभ्र फुलाला डचेस, जांभळ्याला बिशप. गुलाबीला अर्थातच लेडी मेबल. ज्याच्या त्याच्या पदाला शोभेल तो रंग. दहा मिनिटांत काम संपले आणि मधुसूदनराव समाधानाने टांग्यात बसले.

परीक्षकांचा शेरा आठवड्याने आला. फुले आकाराने सर्वोत्तम. सातांपैकी एकही नाव बरोबर नाही. ज्यास आपली झाडे ओळखता येत नाहीत, त्याची नोंद रद्द. शेरा वरच्या कचेरीत वाचला गेला, चौकशीत सखाने खरे काय ते सांगितले. तिथून हुकूम आला: पुढील वर्षी पुन्हा पाठवावीत, नावांची खात्री बागेतील बाईकडून करून घ्यावी, न जमल्यास टिपणीसांनी आपले जुने कारकुनीचे काम पाहावे.

माघात झाडे वाळली, पुढच्या लावणीसाठी जमिनीतले कंद काढायची वेळ झाली. अपमान गिळून राव बागेत आले. हातात पितळेच्या सात पट्ट्या होत्या, नावे खोदवलेल्या. पाऊस आता काही करू शकणार नव्हता.

सुकरीने सगळे कंद काढून एका टोपलीत भरून ठेवले होते. मातकट, एकासारखा एक.

"यातली मंगळी कोणती?" मधुसूदनरावांनी विचारले. या वेळी आवाजात आर्जव होते.

सुकरीने टोपलीकडे, मग त्यांच्याकडे पाहिले. वही लिहिणाऱ्या माणसाला एवढेही कळू नये, याचे तिला खरेच नवल वाटले.

"उपटली, माती सुटली, ती मेली," ती म्हणाली. "आता मंगळी कुठली? परत लाव. ज्या वारी लावशील, ते नाव."