देवांचा बर्थ

कॅबिनच्या दारात पाय ठेवल्याबरोबर त्रिपुराआत्याने कमरेवर हात ठेवले आणि कोण कुठे झोपणार ते ठरवून टाकलं. कॅबिन ती केवढी! एका भिंतीला वरखाली दोन बर्थ, समोरच्या भिंतीला एक, आणि मध्ये दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने पोट आत घ्यावं एवढीच जागा.

"हा खालचा माझा," आत्या म्हणाली. "समोरचा सेतूचा. आणि वर देव."

"देव?" सेतुमाधवने विचारलं.

"मग देवाची पेटी काय पायाशी ठेवू? देव वर. त्यांच्या शेजारी फराळाचे डबे आणि माझ्या पाण्याचे कूजे. चार दिवसांचं आहे ते, बोटीवरच्या कुणाचा हात लागायला नको."

"आणि अंबुजा?"

आत्याने दाराजवळच्या लोखंडी जमिनीकडे हनुवटी उडवली. "ती टाकेल की चटई. सुनेला काय माझ्या डोक्यावर झोपवू?"

तीन माणसांची तीन तिकिटं, तीन बर्थ, आणि त्यातला एक देवांना! सेतुमाधवने नेहमीप्रमाणे मान डोलावली. वळकटी घेऊन मागे उभे होते अंबुजाचे वडील नारायणस्वामी, तिचे अप्पा. ते पोचवायला आले होते आणि आत्या त्यांची थोरली बहीण, त्यामुळे तिच्यापुढे त्यांचं तोंड जन्मात उघडलं नव्हतं. अंबुजा मात्र मनातल्या मनात हसली. लाव, आत्या, तुला हवं तसं सगळं लाव, ती मनाशी म्हणाली. एकदा सगळं जागच्या जागी लागलं की मग माझी पाळी.

वर्ष एकोणीसशे एकसष्ट. सेतुमाधवची बदली मद्रासहून पोर्ट ब्लेअरला झाली होती आणि वेस्ट मांबलमचं भाड्याचं घर सोडून तिघं निघाली होती. खरं तर दोघांनीच निघायचं. पण "माझं पोर समुद्रापलीकडे एकटं?" म्हणून आत्या तयार झाली. शेजारी बायको असताना पोर एकटं कसं, हे विचारायची कुणाची छाती होती!

सख्ख्या आत्याच्या घरी मुलगी द्यायची म्हणजे माहेरातून माहेरात, असं सहा वर्षांपूर्वी सगळे म्हणाले होते. म्हणणाऱ्यांच्या जिभेला काही हाड! मांबलमच्या त्या घरात दोन खोल्या. नवरा बाहेरच्या खोलीत, बायको स्वयंपाकघरात, आणि मधल्या उंबऱ्याला लागून आत्याचं अंथरूण. सेतूला लहानपणापासून वाईट स्वप्नं पडतात, आई जवळ लागते, म्हणे. चौतीस वर्षांचा घोडा झाला होता सेतू!

तेही अंबुजाने सोसलं असतं. सोसलं नाही ते दुसरंच.

तीन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले होते. तिसरा महिना होता. आत्याला तिने स्वतः सांगितलं, लाजत, पाया पडून. आठवड्याने मामंजींचं श्राद्ध आलं. नळाचं पाणी सोवळ्याला चालत नाही म्हणून आत्याने तिला परसातल्या विहिरीवर उभं केलं. सगळं घर धुवायचं होतं. मोजल्या नव्हत्या, पण पन्नासच्या वर घागरी तिने त्या दिवशी शेंदल्या. ब्राह्मण पानावर बसायच्या वेळी तिच्या पोटात कळ आली आणि सगळं संपलं.

आणि आत्या काय म्हणाली? "श्राद्धाच्या दिवशी विटाळ केलास गे, करंटे!" डॉक्टर नाही, वैद्य नाही. परसात लाकडं ठेवायची पत्र्याची खोली होती, दर महिन्याला अंबुजा तीन दिवस जिथे बसायची, तिथे तिला बसवलं. ताट पायाने पुढे सरकवलं. आणि गल्लीला सांगितलं की दिवस-बिवस काही नव्हते, चार दिवस पुढे गेले होते, एवढंच. पुढच्या वर्षापासून तीच आत्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत तिला वांझ म्हणायला लागली. त्या आठवड्यात अप्पा आले होते. मागच्या दारापर्यंत येऊन त्यांनी पत्र्याच्या खोलीकडे पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, कॉफी प्यायले आणि गेले. अंबुजाने हे सगळं पोटात ठेवलं. विसरली नाही, एक अक्षर विसरली नाही.

आता पुन्हा तिला दिवस गेले होते. आत्या आठ दिवस तंजावरला लग्नाला गेली होती, तेव्हाचे. पण या खेपेला अंबुजा शहाणी झाली होती. आत्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिच्या तारखांना तांबड्या पेन्सिलीने खुणा करायची, म्हणून दोन महिने अंबुजा बरोबर तारखेला "दूर आहे" म्हणाली आणि ठणठणीत असताना तीन-तीन दिवस त्या पत्र्याखाली जाऊन बसली. वांत्या आल्या तर लाकडांमागे केल्या. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. आईपुढे त्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, सांगून काय उपयोग? आत्या बेटावर आली की तिथेही विहीर शोधून काढणार, हे तिला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ ठाऊक होतं. हे मूल वाचवायचं तर आत्याने या बोटीने यायचंच नाही. आणि नुसतं वाचवायचंच नव्हतं. उट्टं काढायचं होतं.

"उभी काय राहिलीस? हातपाय हलव!" आत्या म्हणाली.

अंबुजाने हातपाय हलवले. फराळाचे डबे तिने एकेक करून वरच्या बर्थवर लावले. चिंचेच्या भाताचा, दशम्यांचा, चकल्यांचा. प्रत्येकाच्या झाकणावरून सावकाश हात फिरवला. पाण्याचे दोन्ही पितळी कूजे उचलून ठेवले. देवाची पेटी ठेवली, नमस्कार केला. देवांना सगळं ठाऊक होतं, त्यांची तिला भीती नव्हती. मग आत्याच्या बर्थवर आत्याची धुतलेली चादर पसरली, उशी लावली, जपमाळेची पिशवी उशाशी ठेवली. हात लावायचं काही शिल्लक राहिलं नाही तेव्हा ती दाराशी जाऊन भिंतीला अंग न लावता उभी राहिली, सहा वर्षं शिकवलं होतं तशी.

"आत्या, एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "सकाळपासून मी दूर आहे."

आत्याचा चेहरा असा काही झाला की तो बघायला अंबुजा चार मैल चालत गेली असती.

"अय्यो! शिव शिव शिव! अजून दहा दिवस आहेत की गे!"

"आता ते काय मला विचारून येतं? दगदग झाली असेल."

"आणि मेले, सगळ्याला शिवलीस? डबे? पाणी? देव?"

"तुम्हीच म्हणालात, हातपाय हलव."

"सकाळी सांगायला तुझी दातखीळ बसली होती?"

"बोट चुकली असती, आत्या."

आत्या लुगडं आवरून कॅबिनच्या मधोमध उभी राहिली. बसायचं कुठे? चादर शिवलेली, बर्थ शिवलेला. सेतुमाधवला तिने दुसरी कॅबिन बघायला पिटाळलं. तो घाम पुसत परत आला. एकही कॅबिन रिकामी नव्हती. खाली बायकांच्या मोठ्या खोलीत एक फळी होती, चाळीस जणींमध्ये, आणि तिथे आत्ताच कुणीतरी सुक्या मासळीचं पोतं सोडून बसलं होतं.

"मग हिला उतरव!" आत्या कडाडली. "नारायणा, ने तुझ्या लेकीला घरी. पुढच्या बोटीने पाठव, शुद्ध झाल्यावर!"

 हे होणार हे अंबुजाने धरलं होतं. पुढची बोट दीड महिन्याने. तोपर्यंत पोट काय लपणार होतं? आणि पत्र्याची खोली नसली तरी अप्पांच्या घरातून आत्याला पत्र जायला कितीसा वेळ! तिने आपली पिशवी उचलली. 

"उतरते की," ती म्हणाली. "पण आत्या, मी उतरले तरी डबे शिवलेलेच राहणार. चार दिवस तुम्ही खाणार काय? आणि प्यायला पाणी?"

तेवढ्यात देवच पावला म्हणायचा, बोटीवरचा वाढपी दारात आला आणि जेवणाला मटण हवं की मासे, म्हणून त्याने तमिळमध्ये विचारलं. आत्याने पदर नाकाला लावला. सेतुमाधवने एकदा डब्यांकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"अम्मा, खरंच, तू चार दिवस काय खाशील?" तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने योग्य वेळी योग्य प्रश्न विचारला होता.

बाहेर घंटा वाजली. पोचवायला आलेल्यांनी उतरावं, म्हणून कुणीतरी ओरडत फिरू लागलं. आत्या वरच्या बर्थकडे बघत होती. अन्न टाकता येईल, पण विटाळलेले देव पुण्याहवाचन केल्याशिवाय कसे ठेवायचे? आणि बोटीवर भटजी कुठला?

"मीच पुढच्या बोटीने येईन," शेवटी ती म्हणाली. "नारायणा, पेटी घे. सेतू, हिच्या हातचं चार दिवस खाऊ नकोस. सांभाळ रे राजा."

अप्पांनी पेटी उचलली, वळकटी काखोटीला मारली. अंबुजाने त्यांच्याकडे पाहिलं. अप्पांच्या घरीही दोनच खोल्या होत्या. आत्या मध्ये कुठेतरी अंथरूण टाकेलच. न्या, अप्पा, तुमची अक्का तुम्हीच सांभाळा.

शिडी वर ओढेपर्यंत अंबुजा कठड्याशी नवऱ्यापासून दोन हात दूर उभी राहिली. खाली धक्क्यावर आत्या डोळ्यांवर हाताची सावली धरून वर बघत होती. बोटीला बांधलेले दोर सुटले. धक्का आणि बोट यांच्यात हातभर पाणी दिसलं, मग दोन हात, मग उडी मारता येणार नाही इतकं.

तेव्हा अंबुजा दोन पावलं सरकून नवऱ्याला खेटून उभी राहिली. सगळ्यांदेखत, भर दुपारी.

"अगं, शिवलीस की!" सेतुमाधव दचकला.

"शिवले. मी दूर नाहीये. तिसरा महिना लागलाय मला." आणि तिने त्याचा हात धरला आणि तिथेच कठड्याशी, धक्क्यावरून नीट दिसेल असा, आपल्या पोटावर ठेवला.

आत्याला ते दिसलं. आधी तिचं तोंड शिव्या द्यायला उघडलं. मग ते तसंच उघडं राहिलं. अंबुजाने पाहिलं, आत्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. कॅलेंडर मोजत होती म्हातारी. एक महिना, दोन महिने, तंजावरचं लग्न. मग अंगठा थांबला आणि आत्या भर धक्क्यावर आपल्या वळकटीवर मटकन बसली. नातवासाठी रामेश्वरापर्यंत नवस बोललेली बाई ती! तो नातू तिच्या डोळ्यांदेखत चालला होता आणि ती आपल्या पायांनी बोटीवरून उतरली होती.

"श्राद्धाच्या दिवशी गेलं ते बाळ होतं," अंबुजा म्हणाली. "विटाळ नव्हता. अम्माला पत्रात लिहा. आणि पुढच्या बोटीचं तिकीट पाठवायचं की नाही, ते मला विचारून ठरवा."

 सेतुमाधवच्या डोळ्यांत पाणी होतं, ते आईसाठी होतं की त्या बाळासाठी, हे तिने विचारलं नाही. हात मात्र त्याने काढला नाही. अंबुजाला वाईट वाटलं का? नाही वाटलं. तिला भूक लागली होती.

कॅबिनमध्ये येऊन तिने डबा उघडला आणि बर्थवर मांडी घालून चिंचेचा भात खाल्ला, दोनदा वाढून घेतला. आत्याच्या हाताला चव होती, खोटं कशाला बोला. सेतुमाधव अजून मध्येच उभा होता. सवयीने त्याची नजर दाराजवळच्या गुंडाळलेल्या चटईवर गेली.

"मग आता कोणी कुठे झोपायचं?" त्याने विचारलं.

"तुम्ही समोर. मी इथे, खाली," अंबुजा बोटं चाटत म्हणाली. "आणि ती चटई समुद्रात टाकून या. जमिनीवर कुणी झोपायचं नाही."