मथुराबाईचा पंजा

मी पट्ट्यावरचा पत्रा बोलतोय. डाळमिलमध्ये मोटारीपासून मशिनीपर्यंत जो रुंद पट्टा गरगर फिरत असतो, त्याच्यावर बसवलेलं लोखंडी झाकण म्हणजे मी. शिकलेली माणसं मला 'गार्ड' म्हणतात. मी जागेवर असेपर्यंत काही म्हणजे काही घडत नाही, म्हणून माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आजवर त्याचा मला राग नव्हता. पण एकदा मी जागेवर नव्हतो आणि त्या दिवसाची गोष्ट सांगायला माझ्याशिवाय दुसरं कुणी पुढं येईना, म्हणून आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म मुरुमचा, बसस्टँडमागच्या वेल्डिंगच्या दुकानातला. डाळमिलच्या वैजनाथ मिस्त्रीनं समोर उभं राहून मला कापून, वाकवून घेतलं. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, कडा आत वळवलेल्या, चार कोपऱ्यांना बोल्टची चार भोकं. जागेवर बसवल्यावर त्यानं माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "तू हायस तवर कुनाचा हात जायचा न्हाय बघ." लहानपणी ऐकलेलं माणूस विसरत नाही म्हणतात. पत्राही विसरत नाही.

डाळमिल गुरुप्रसाद अप्पांची. माणूस तसा वाईट नव्हे. कामगारांच्या घरी लग्नकार्य असलं की भांडी पाठवणार, कुणी आजारी पडलं की मोसंबी घेऊन जाणार. चष्मा मात्र रोज माझ्या अंगावर ठेवून विसरणार आणि मग "माझा चष्मा कुनी घेतला रं?" म्हणून मिल डोक्यावर घेणार. कामाला आठ-नऊ माणसं. मोटारीच्या धगीनं मी कोमट व्हायचो, त्यामुळं जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्यांची भाकरीची फडकी माझ्यावर येऊन बसायची. माझ्या अंगाला अजून कुठंतरी लसणाच्या चटणीचा वास असेल.

त्या माणसांत मथुराबाई सगळ्यांत जुनी. बारा वर्षं चाळणीवर उभी. डाळीत खडा आहे का तूस, ते तिला हातात घेताच कळायचं. तिच्या उजव्या हाताची तर्जनी टोकाला वाकडी होती, लहानपणी विळा लागून तशी झालेली. सकाळी मोटार सुरू व्हायच्या आधी ती मला हात लावून "चल बाबा" म्हणायची. मशीनला नाही, पट्ट्याला नाही, मला! एवढा मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

आता आमच्या मिलची एक चाल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलं आहे. खंडेनवमीला कारागीर हत्यारांची पूजा करतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अप्पांच्या वडिलांनी त्यात आपली एक भर घातली होती. त्या दिवशी मला बोल्ट काढून खाली उतरवायचं, हिरवा ऑइलपेंट द्यायचा आणि तो वाळला की मिलमधल्या प्रत्येक कामगारानं पांढऱ्या रंगात हात बुडवून माझ्यावर पंजा उठवायचा. खाली साल लिहायचं. मग रॉकेलनं हात धुताना बायका नाकं मुरडायच्या, ते वेगळंच.

२०२३च्या खंडेनवमीला अप्पांचे जावई पुण्याहून आले होते. हौसेनं त्यांनीही रंगात हात घालायला बाही सरसावली. अप्पांनी भर पूजेत त्यांना अडवलं.

"न्हाय जावईबापू. ज्याचा हात मशिनीवर चालतो त्याचाच पंजा. माझा सुदिक न्हाय त्याच्यावर."

जावयांचं तोंड एवढंसं झालं. मला मात्र अप्पांचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी मथुराबाईचा पंजा माझ्या अगदी मधोमध उठला. पाचही बोटं स्वच्छ, तर्जनीचं टोक वाकडं.

दसरा झाला आणि दिवाळीच्या हरभरा डाळीची एकच घाई उडाली. पट्टा जुना होऊन सारखा घसरत होता, दर तासाला त्याला राळ लावावी लागायची. मला बसवायचं म्हणजे दर तासाला चार बोल्ट काढा आणि घाला. वैजनाथ मला उचलून घेऊन निघालाच होता, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "आरं, दिवाळी होऊ दे. मग बसीव निवांत." वैजनाथ क्षणभर घुटमळला आणि त्यानं मला पोत्यांच्या थप्पीला टेकवून ठेवलं. ताज्या रंगातला मी, भिंतीला टेकून नुसता बघत बसलो.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारी मथुराबाई पट्ट्याखाली सांडलेली डाळ वाकून भरत होती. डाळ पायाखाली गेलेली तिला खपत नसे. पट्टा घसरला, हिसका बसला आणि तिचा उजवा हात पट्टा आणि चाकाच्या मधे गेला. माझ्यापासून चार हातांवर. मी जिथं असायला हवा होतो, बरोब्बर तिथं. वैजनाथनं धावत जाऊन मोटार बंद केली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं ते गेलंच. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

अप्पांनी स्वतःच्या गाडीतून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी कसं लागलं विचारलं, तेव्हा कुणी शिकवलेलं नसताना ती म्हणाली, "घरच्या कडबाकुट्टीत गेला हात." डॉक्टरांनी तिनं सांगितलं तेच लिहिलं, घरी चारा कापताना लागलं. मालकाच्या मागं पोलीस लागतील, ऐन दिवाळीत मिल बंद पडेल, लेकीच्या लग्नात ज्यानं भांडी दिली त्याला आपण कसं गोवायचं, एवढाच तिचा विचार. आपल्याकडं मिठाला जागणं म्हणतात ते हेच. अप्पांनीही ते ऐकलं आणि गप्प राहिले.

मिलमध्ये तिसऱ्याच दिवशी पट्ट्यावर नवीकोरी जाळी बसली. मला भंगारात टाकायला सांगितलं होतं. वैजनाथनं मला सायकलवर बांधून घरी नेलं आणि पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवलं. जे मी स्वतः बघितलं नाही, ते मला तिथंच घरातल्या बोलण्यातून कळलं.

तीन महिन्यांनी हात भरून आल्यावर मथुराबाई कामावर गेली, तर चाळणीवर दुसरी बाई. "आता काय करनार तू या हातानं? घरी बस, इसावा घे," अप्पा म्हणाले. तिच्या ओळखीतल्या कुणीतरी तिला धाराशिवच्या अस्मिता वकीलबाईंकडं नेलं. कामावर लागलं तर मालकानं भरपाई द्यायची असते, असा कायदा आहे, हे तिला पन्नाशीत पहिल्यांदा कळलं. दावा दाखल झाला. अप्पांच्या वकिलानं उत्तर दिलं, की ही बाई आमच्याकडे कधी कामालाच नव्हती आणि बोटं तर तिच्याच सांगण्याप्रमाणे घरी तुटली. हजेरीवर आमच्या मिलमध्ये कुणाचंच नाव नसायचं, त्यामुळं दाखवायला कागद एकही नाही.

ते ऐकून ती वैजनाथच्या दारात आली. टाकीजवळच बसली, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"बोटं गेली त्याचं मला एवढं वाटलं न्हाय वैजनाथ. पर ही बाई आमच्याकडं नव्हतीच म्हनले रं. बारा वरसं नव्हतीच म्हनले. मग म्या रोज सकाळी उठून जात हुते कुठं?"

वैजनाथ खाली मान घालून बसला. त्याची नोकरी अजून मिलमध्येच होती. मथुराबाई निघून गेल्यावर त्याच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, हातातला तांब्या माझ्यावर आपटला.

"रोज पानी घेताना ह्यो पंजा बघतीया मी. अक्काचाच हाय ना ह्यो? बोट वाकडं हाय की. आन् पत्रा काढला कुनी व्हता?"

"म्याच काढलाय," वैजनाथ म्हणाला. "अप्पांनी बसवू नको म्हनलं, आन् म्या ऐकलं. मिस्त्री मी हाय. ऐकायला नगं व्हतं."

"मग हितं मला काय सांगताय? तिथं जाऊन सांगा."

बायकोचा शब्द म्हणजे बायकोचा शब्द. तारखेच्या दिवशी वैजनाथ मला घेऊन एसटीत चढला, मथुराबाई बरोबर. कंडक्टरनं मला बघून विचारलं, "कुनाचं दार काढून आनलं व्हय?" आणि माझंसुद्धा तिकीट फाडलं. आयुष्यातला माझा पहिला प्रवास, तोही रीतसर! अणदूर आलं तेव्हा मथुराबाईनं खिडकीतूनच खंडोबाला हात जोडले. जोडलेल्या हातांत एका बाजूला पाच बोटं, एका बाजूला तीन. शेजारची म्हातारी बघत राहिली, तसा तिनं हात पदराखाली घेतला.

दाव्याचा निवाडा करणारे साहेब वयानं तरुण होते. अस्मिता वकीलबाईंनी मला टेबलावर ठेवायला सांगितलं. माझ्यावरचे नऊ पंजे, खालचं साल, सगळं दाखवलं. "मथुराबाई, तुमचा कुठला?" त्यांनी विचारलं.

मथुराबाई पुढं आली. तिनं हात पदराखालून बाहेर काढला आणि माझ्यावर ठेवला. तीच ऊब. अंगठा बरोबर बसला, वाकडी तर्जनी वाकड्या खुणेत बसली, मधलं बोट बसलं. पुढं दोन पांढरी बोटं नुसती रंगाची, वर काही नाही. तिनं हात तसाच ठेवला होता.

अप्पांचा वकील उठला. "साहेब, ही पूजेची हौस. आला-गेला, पाहुणारावळा कुणीही पंजा उठवतो. यावरून कामगार ठरत नाही."

साहेबांनी अप्पांकडं बघितलं. "तुम्ही सांगा. पाहुण्यांचे पंजे घेता?"

मी अप्पांना रोज बघितलंय. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि ठेवायला जागा शोधू लागले. सवयीनं हात माझ्याकडंच आला, माझ्यावर चष्मा टेकला आणि तिथंच थांबला, मथुराबाईच्या हाताशेजारी. 'घेतो' एवढा एक शब्द पुरेसा होता. पण तो म्हटला असता तर वडिलांनी घालून दिलेली चाल खोटी ठरली असती. भरल्या पूजेत जावयाचा हात अडवलेला माणूस तो.

"न्हाय साहेब," शेवटी ते म्हणाले. "पाव्हन्याचा पंजा आमी घेत न्हाय. ज्याचा हात मशिनीवर चालतो त्याचाच. हिचा बारा वरसं उठलाय."

वकिलानं कपाळाला हात लावला. त्यानंतर वैजनाथ उभा राहिला आणि पत्रा कुणी काढला, कुणाच्या सांगण्यावरून परत बसला नाही, त्या दुपारी काय झालं, ते सगळं सांगून मोकळा झाला. मथुराबाईनंही कबूल केलं, की दवाखान्यात खोटं तीच बोलली. "कशापायी बोललात?" साहेबांनी विचारलं. ती अप्पांकडं बघून म्हणाली, "आपलंच मानूस हाय म्हनून."

अप्पांनी माझ्यावरचा चष्मा उचलून खिशात घातला.

निकाल पुढच्या तारखेला लागला. भरपाई किती मिळाली ते मला विचारू नका, आकड्यातलं मला कळत नाही. पण निकालातली एक ओळ अस्मिता वकीलबाईंनी तिला दोनदा वाचून दाखवली: 'अर्जदार ही सदर मिलमध्ये कामगार होती.' मथुराबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि तिसऱ्यांदा वाचायला लावली.

तुम्हाला वाटेल, मी आता पुन्हा टाकीवर असेन. अजिबात नाही! भरपाईतून मथुराबाईनं घराच्या ओसरीत पिठाची गिरणी टाकली आहे. वैजनाथनं ती बसवून दिली आणि माझ्या दोन कडा कापून तिच्या पट्ट्यावर मला चार बोल्टांनी घट्ट आवळलं. थापा मात्र मारल्या नाहीत, नुसता हात ठेवला. अप्पांच्या मिलमध्ये आता हजेरीवर सगळ्यांची नावं आहेत, असं तो म्हणतो. गेल्या महिन्यात अप्पांच्या घरून ज्वारीचं पोतं दळायला आलं. मथुराबाईनं बारीक दळून दिलं.

मी म्हातारा झालोय, कडेला गंज धरला आहे. पण या खंडेनवमीला मला पुन्हा हिरवा रंग लागला. रंग देताना वैजनाथनं मधला जुना पंजा तेवढा मोकळा ठेवला. मथुराबाईनं पांढऱ्या रंगात हात बुडवला आणि क्षणभर थांबली. डावा उठवावा का, असं तिच्या मनात आलं असावं. मग उजवाच पुढं केला आणि जुन्या पंजाच्या शेजारी नीट दाबला. अंगठा, वाकडी तर्जनी, मधलं बोट.

तुम्ही कधी मुरुमला आलात, तर दळण घेऊन या. आणि जाता-येता कुठल्याही गिरणीत, मिलमध्ये माझा एखादा भाऊबंद भिंतीला टेकवलेला दिसला, तर मालकाला तेवढं विचारा, "हा खाली का?" दिवाळी होऊ दे म्हणाला, तर तिथून हलू नका.

आता मला रजा द्या. सकाळ झाली आहे, मथुराबाई आली. तिनं मोटारीचं बटण दाबायच्या आधी तीन बोटांचा हात माझ्यावर ठेवला आहे.

"चल बाबा," ती म्हणाली.