सुटलेला क्रमांक १.०

विजयादशमीची सकाळ, साडेनऊ. तुकोजींनी मला ड्राइव्हमध्ये सरकवलं आणि खटका दाबला. लाल दिवा लागला. आतून खरडल्यासारखा आवाज आला आणि पडद्यावर एकच इंग्रजी ओळ उमटली. डिस्क वाचता येत नाही, असं ती सांगत होती. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या सरोजाबाईंनीही ती वाचली.

मित्रांनो, मी एक जुनी फ्लॉपी डिस्क आहे. काळं चौकोनी पाकीट, आत तपकिरी पातळ तबकडी आणि ती वाचता यावी म्हणून पाकिटाला ठेवलेली लांबट खिडकी, एवढीच मी. ही हकिगत १९९१ सालची, मद्रासची.

तुकोजी एग्मोरच्या एका कचेरीत नोकरीला होते. घरात तंजावरी मराठी, दाराबाहेर तमिळ. दोन्ही लिप्या एकाच कागदावर छापता याव्यात म्हणून त्यांनी एक प्रोग्राम लिहिला आणि फुकट वाटला. नुसता प्रोग्रामच नाही, तो कसा लिहिला आहे तेही सोबत दिलं. वापरा, दुरुस्त करा, दुरुस्ती मला परत पाठवा, एवढीच अट. तंजावर, कोइंबतूर, बंगळूरहून टपालाने डिस्का येऊ लागल्या. तुकोजी प्रत्येक दुरुस्ती तपासत, पटली तर माझ्यावर उतरवत आणि नव्या आवृत्तीला क्रमांक देत. बाहेर जाणारी प्रत्येक प्रत माझ्यावरून निघे. मी मूळ डिस्क होते. मला त्याचा अभिमान होता.

एकदा घोटाळा झाला. कच्ची प्रत कुणीतरी नेली आणि दोन गावांत ०.६ क्रमांकाच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या फिरू लागल्या. एका लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाचं नावच मोडलं. तेव्हापासून तुकोजींनी नियम केला की क्रमांक मिळाल्याशिवाय प्रत काढायची नाही, घरातल्या घरातसुद्धा नाही.

त्यांचे मित्र शहाजी यावरून त्यांची खेचत. "तुकोजी, तुझ्या क्रमांकाला बारशाएवढा थाट लागतो बघ."

"मग? नाव न ठेवता पोर रस्त्यावर सोडू?"

"सोड की. आई ओळखते पोराला."

शहाजी दर रविवारी वेलचेरीहून बसने येत. त्यांच्या घरी यंत्र नव्हतं. त्यांनी सगळ्यांत अवघड काम हाती घेतलं होतं. जोडाक्षराला पहिली वेलांटी आली की ती भलत्याच अक्षराच्या डोक्यावर छापली जाई. महिनोन्‌महिने ते त्या वेलांटीच्या मागे होते. ऑगस्टमधल्या एका रविवारी ती जागेवर बसली. शहाजी खुर्चीतून उठून हसत सुटले. "तुक्या, ही एक पॉइंट शून्य! आता तरी दे क्रमांक."

"तपासून देतो."

"तपास बाबा. तू देवालासुद्धा तपासून घेशील."

त्या आठवड्यात शहाजी गेले. बसस्टॉपवर छातीत कळ आली, एवढंच कळलं.

तुकोजींनी एकट्याने तपासणी पुरी केली. प्रोग्राम सुरू होताच पहिल्या ओळीत शहाजींचं नाव यावं, असं त्यांनी लिहिलं. ते सांगायला ते वेलचेरीला गेले, तेव्हा शहाजींच्या पत्नी सरोजाबाई म्हणाल्या, "एवढं थांबलं, तर विजयादशमीला सोडा की. चांगला दिवस. मी येते, त्यांचं नाव बघायला." तुकोजी हो म्हणाले. चुकूनही माझ्यावर कुणी काही लिहू नये म्हणून त्यांनी माझ्या कडेची खाच चंदेरी पट्टीने बंद केली.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी सरस्वतीपूजा. घरातली पुस्तकं, हत्यारं देवीपुढे मांडायची, गंधकुंकू लावायचं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही.

"अस्की पुस्तकं ठेवली, एकही सोडलं नाही," तुकोजींच्या आई भवानीबाई म्हणाल्या, "तुझं ते काळं कसाला राहिलं रे? तुझी विद्या तेच की."

तुकोजींनी मला कागदी खोळीसकट देवीपुढे ठेवलं आणि ते फुलं आणायला गेले. खोळीला कुंकू लावणं भवानीबाईंना अपुरं वाटलं. त्यांनी मला बाहेर काढलं. उजव्या हाताचं बोट चंदनात बुडवलं आणि त्या लांबट खिडकीत, माझ्या उघड्या तबकडीवर, गंध लावलं. वर कुंकू. मग नमस्कार करून मला हलकेच खोळीत ठेवलं. माझ्यावर इतक्या मायेने कुणी हात ठेवला नव्हता.

सकाळी तुकोजींचं लक्ष सरोजाबाईंकडे होतं. खोळीतून काढून त्यांनी मला न बघताच आत सरकवलं. वाळलेलं चंदन घासलं आणि माझ्या अंगावरचा तपकिरी थर खरवडून निघाला.

आवाज ऐकून भवानीबाई आल्या. "मीच लावलं गंध. चुकलं काय रे?"

"नाही अम्मा," तुकोजी म्हणाले. "यंत्र जुनं झालंय."

सरोजाबाईंनी पदर सावरला. "पुन्हा कधी येऊ?"

"कळवतो."

मित्रांनो, कुणाचं एकुलतं एक काम तुमच्या हाती असेल, तर त्याची दुसरी प्रत आजच करा. क्रमांक मागाहून देता येतो.

पुढे तुकोजींनी ती वेलांटी आपल्या परीने बसवली. शहाजींसारखी नाही, पण चालण्याजोगी. ती आवृत्ती बाहेर पडली तेव्हा तिचा क्रमांक होता १.१. बंगळूरच्या एकाने विचारलं की मधली १.० आमच्याकडे पोचलीच नाही, ती कुठे मिळेल. तुकोजींनी उत्तर लिहिलं, ती अजून निघायची आहे.

मला तीनदा दुरुस्तीवाल्याकडे नेलं. तो म्हणतो, आतल्या कडेचं काही वाचता येईलही. पण खरवडलेली डिस्क वाचणारा खास ड्राइव्ह हवा, आणि तो मद्रासमध्ये कुणाकडे नाही.

आज १९९४ ची सरस्वतीपूजा. भवानीबाईंनी सकाळी मला मागून घेतलं. तुकोजींनी दिलं; गंधाने काय झालं ते त्यांनी आईला अजून सांगितलेलं नाही. खिडकीवर ओलं गंध आहे. शहाजींचं नाव बघायला सरोजाबाई उद्या येणार आहेत, असा निरोप आला आहे.