वगळलेली पायरी

लॅपटॉपवरचा तिळाएवढा तो दिवा नारिंगीच होता. निळा व्हायला हवा होता. निळा म्हणजे जोडलेलं, नारिंगी म्हणजे… नारिंगी म्हणजे काय हे त्यानेच कधीकाळी लिहिलं होतं, 'नारिंगी प्रकाश दिसल्यास घाबरू नका' — आणि त्यातलं 'घाबरू नका' वरिष्ठांनी खोडलं होतं, कारण घाबरू नका म्हटलं की माणूस हमखास घाबरतो. मग नुसतं 'नारिंगी प्रकाश दिसल्यास' एवढंच उरलं होतं आणि तसंच दोन महिने जगासमोर लोंबकळत राहिलं होतं. कुणाची तक्रार आली नव्हती. मदतीची पानं कुणी शेवटपर्यंत वाचत नाही, हे ती पानं लिहिणाऱ्या त्याच्या खात्यातलं पहिलं आणि बहुधा एकमेव ज्ञान.

तीनला दहा कमी होते. चार वाजता त्याला या पडद्यात दिसायचं होतं.

दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात वडील बावीस दिवस श्वासाच्या यंत्रावर होते, आणि आज डॉक्टर तिन्ही मुलांना एकत्र विचारणार होते — गळ्याला भोक पाडून हे असंच पुढे न्यायचं, की थांबायचं. बहिणीचं म्हणणं, न्यायचं. धाकट्या भावाचं म्हणणं, थांबायचं. उरला तो, थोरला. रस्सीखेचीत दोराच्या मध्यावर रुमाल बांधलेला असतो तसा, दोन्हीकडून ओढला जाणारा आणि स्वतः काही न करणारा. तेरा दिवस तिथल्या बाकावर बसून तो चार दिवसांसाठी घरी आला होता, कपडे घ्यायला. चाराचे नऊ झाले होते. कपडे पहिल्याच दिवशी भरून झाले होते. बॅग दाराशी होती आणि बायको रोज केर काढताना ती उचलून पुन्हा तिथेच ठेवत होती.

पायरी एक: यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा.

लॅपटॉप बायकोच्या ग्रंथालयाने मोडीत काढलेला होता. झाकण उघडताना कण्हायचा. बॅटरी केव्हाच गेलेली, त्यामुळे चार्जर काढला की जीव सोडायचा — म्हणजे असं तो इतके दिवस गमतीने म्हणायचा. बावीस दिवसांपासून म्हणत नव्हता. यंत्र पुन्हा सुरू झालं. पंखा घरघरला. दिवा नारिंगी.

पायरी दोन: राउटर तपासा. कपाटावरच्या खोक्याचे चारही दिवे हिरवेगार होते. सकाळी बायको त्याच खोक्याच्या जिवावर फोनवर बातम्या वाचत बसली होती, मग तो फोन घेऊन ग्रंथालयात कामाला गेली होती. म्हणजे दोष इथेच, याच्या पोटात. शेवटी दोष कुठेतरी पोटातच असतो… मेंदूत, म्हणाले होते डॉक्टर. मेंदूतली एक बारीक नळी. बाकी सगळं ठणठणीत आहे, असंही म्हणाले होते, जसं गाडीच्या टपाचं कौतुक करावं.

त्याच्याकडे वाचायला पानं होती, हे नशीब. इंटरनेट बंद पडल्यावर काय करावं याची माहिती इंटरनेटवर ठेवायची, या व्यवस्थेवर एकोणीस वर्षं पोट भरल्यावर गेल्या वर्षी कंपनीने त्याला निरोप दिला — आता पानं यंत्रच लिहितं. लोकांना घड्याळ देतात. त्याला त्याचीच चारशे पानं बांधून दिली, वर सोनेरी अक्षरांत 'मदत'. चांगला फोनही कंपनीचा होता, तो परत गेला. हातात राहिला बटणांचा, ज्यात फक्त बोलता येतं. आणि इस्पितळाला बोलणं चालत नव्हतं. तिघांचे चेहरे एकदम दिसले पाहिजेत, असा नियम. पूर्वी म्हणे कुण्या जावयाने मेहुण्याचा आवाज काढून 'हो' म्हटलं होतं.

तो फोन आता वाजला. बहीण. बावन्न वर्षांची, एका शाळेची मुख्याध्यापिका, पण घरात अजून ठमीच.

"दादा, लागलं का?"

"बघतोय. पायरी दोन झाली."

"कसली पायरी? अरे, जिना चढतोयस की काय?"

"आधी राउटर बघायचा असतो, ठमे. मग—"

"तूच लिहायचास ना रे हे सगळं? मग सुताराच्याच घरचं दार कसं लागत नाही?"

"जुनं यंत्र आहे."

"आपण काय नवे आहोत? शेजारी कुणाकडे जा ना. तुझा चेहरा दिसला म्हणजे झालं."

"दुपारचं कोण असणार घरी," तो म्हणाला. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंचं मशीन तेवढ्यात खडखडलं, थांबलं, पुन्हा खडखडलं. त्याने फोनवर हात ठेवला.

"गुंड्या आलाय," बहीण आवाज खाली आणून म्हणाली. "सकाळपासून एकच टकळी, बाबांचे हाल, बाबांचे हाल. हाल याला दिसतात, बाबा नाही दिसत. काल मी हात धरला ना, तर बोट हललं त्यांचं. खरंच हललं रे. नर्स म्हणते, तसं होतं. तसं होतं म्हणजे काय? तू बोल दादा आज. तुझं ऐकेल तो."

"हं."

"हं काय? ठाम बोल."

पायरी तीन, पायरी चार. यंत्रालाच विचारलं — तुला काय होतंय? हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत राहिली, 'समस्या शोधत आहे', आणि तो तिच्याकडे बघत राहिला, इस्पितळातल्या पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे बघायचा तसा, म्हणजे वाचता येत नसलेली लिपी वाचल्यासारखं तोंड करून. पट्टी संपली. 'आपल्या यंत्राच्या निर्मात्याशी संपर्क साधा.' वा. बावीस दिवस तिघं आळीपाळीने तेच करत होते. तिकडूनही काही उत्तर नव्हतं.

पायरी पाच करताना, जुने ड्रायव्हर काढून पुन्हा घालायचे म्हणून तो फोल्डर उघडत गेला, आणि हात एका ठिकाणी थबकला. थबकला म्हणजे… तिथे जायचं नव्हतंच असं नाही. फाइलचं नाव होतं 'बाबा सूचना ३'.

वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबावर चढून तार जोडायचे, आणि ज्याचा फोन तो स्वतः पलीकडून 'हॅलो' म्हणेपर्यंत खाली उतरायचे नाहीत, मग ऊन असो की वारा. चार वर्षांपूर्वी ते आपल्या खांबावरच्या जोडीदाराला इस्पितळात बघून आले, चपला न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "खांब पडलाय, तार तुटलीय, आणि ही माणसं रोज जाऊन रिसिव्हर कानाला लावतायत." मग म्हणाले, "तुझं ते यंत्र काढ. मी सांगतो, तू लिही. ठमी रडेल, गुंड्या भांडेल. तू लिहिणारा आहेस. तू सांगायचंस."

त्याने लिहिलं होतं, याच यंत्रावर. वडील सांगत गेले, तो टंकत गेला, आणि शेवटी वडिलांनी पेन मागितलं. सही करतो म्हणाले. तेव्हा तो काय म्हणाला? म्हणाला, "थांबा बाबा, भाषेवर एक हात फिरवतो." कुठलाही पहिला खर्डा तसाच बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही त्याच्या धंद्यातली शिस्त. एक हात फिरवला. मग दुसरा. एकदा वडिलांनी फोनवर विचारलं, झालं का रे? होत आलंय. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, जरा हसून. त्यानंतर नाही विचारलं. सही नव्हती. कुठेच नव्हती. ठमीला माहीत नव्हतं, गुंड्याला माहीत नव्हतं, बायकोला माहीत नव्हतं. जगात दोघांना माहीत होतं, आणि त्यातला एक बावीस दिवस काही बोलत नव्हता… आणि दुसरा तरी कुठे बोलत होता?

तेरा दिवस त्या बाकावर प्रत्येक सकाळी मी ठरवत होतो. आज चहा झाल्यावर. आज राउंड झाल्यावर. ठमी डबा उघडायची, म्हणायची, दादा, बाबांचा रंग आज बरा वाटतो ना? आणि मी म्हणायचो, हो, बरा वाटतो.

सांगितलं तर काय होणार होतं? ठमी विचारणार, सही कुठाय? गुंड्या विचारणार, बावीस दिवस तोंडात काय धरून बसला होतास? दोघं त्या एका क्षणी एक झाले असते, लहानपणापासून न झालेले. आणि डॉक्टर, ते बिचारे कागद बघतात. नाही सांगितलं तर… नाही सांगितलं आणि पडद्यावर दिसलाच नाही, तर उद्या सकाळी भोक पाडतील, आणि त्यात कुणाचाच दोष नसेल. इंटरनेट नव्हतं. केवढं स्वच्छ वाक्य! जन्मभर पुरेल असं. कुणाच्याही समोर ठेवावं.

पायरी सहा. पायरी सात. पानाखाली नेहमीची चौकट — 'ही माहिती उपयुक्त वाटली का?' दिवा नारिंगी.

सातच का? आठ होत्या. त्याला आठवलं, अगदी खोली आठवली, काचेची, आणि वरिष्ठांचा तो आकडा, की सात पायऱ्यांपुढे वाचकाचा धीर सुटतो. एक कापा. त्याने आठवी कापली. 'काही जुन्या यंत्रांच्या उजव्या कडेला वायरलेससाठी एक लहान सरकते बटण असते. ते मागे गेलेले नाही ना, हे पाहा.' असली यंत्रं आता वापरतं कोण, असं तोच म्हणाला होता.

त्याने खाली पाहिलं. उजव्या हाताचा अंगठा त्या बटणावरच होता.

आत्ता गेला तिथे? की आधीपासून होता? बटण मागे सरकलेलं होतं. सकाळी फडक्याने यंत्र पुसलं तेव्हा कडाही पुसल्या होत्या, चांगल्या दाबून. महिनोन्महिने न पुसलेलं यंत्र आजच पुसावंसं का वाटलं, हा प्रश्न कुणी विचारला तर त्याचं उत्तर होतं — धूळ होती. खरंच होती धूळ. पण पहिल्या पायरीपासून हा हात यंत्राच्या उजव्या कडेला धरूनच तर तो बसला होता, जणू कुणाला तरी हलू न देता…

अंगठ्याखाली नखाएवढं प्लॅस्टिक. पुढे सरकवायला एका माशीचाही जोर पुरला असता.

फोन वाजला. चार वाजून पाच मिनिटं.

"दादा! अरे डॉक्टर येऊन बसलेत. लागलं?"

"नाही गं. होतच नाहीये."

किती सहज आलं. आवाज जराही हलला नाही. उलट त्यात थोडा वैतागही मिसळला होता, अगदी प्रामाणिक वाटेल असा.

मागून भावाचा आवाज आला, "त्याला म्हणावं, येऊन मरायचं होतं ना इथे नऊ दिवसांत!"

"तू गप रे," बहीण त्याला म्हणाली, आणि मग फोनमध्ये, जवळ येऊन, "दहा मिनिटं थांबतायत ते. नाहीतर उद्या सकाळी… ते भोक. दादा, मी म्हणते खरी न्यायचं पुढे, पण मला पण नाही रे कळत. मला कुणीतरी सांगा ना, बाबांना काय हवं असेल?"

त्याने अंगठ्याखालचं बटण नुसतंच चाचपलं.

"दादा? आहेस ना?"

"बघतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. ठमीने हे विचारायला नको होतं. इतके दिवस ती ठाम होती म्हणून किती सोपं होतं.

त्याने फाइल उघडली. वाचून दाखवायची झाली तर असू दे समोर, एवढ्यापुरती, तो स्वतःला म्हणाला. 'कृत्रिम जीवनाधार प्रणालीचा अवलंब टाळण्यात यावा.' हे कोण बोलतंय? हे वाचलं तर ठमी हसेल. बाबा असं बोलतील होय, म्हणेल, हे तुझं आहे दादा. आणि खरंच होतं ते त्याचं. त्याने वाक्य खोडलं. 'मला नळ्या लावून लोंबकळत ठेवू नका.' हे असं म्हणाले होते. पुढचं — 'भावनिक प्रतिक्रियांचा यथोचित आदर राखून निर्णय घ्यावा.' खोडलं. 'ठमी भोकाड पसरेल. तिला पाणी द्या, पण तिचं ऐकू नका.' त्याला हसू आलं. एकेक शब्द उलटा फिरत होता, एकेक जागी वडील परत येऊन बसत होते, चपला न काढता.

शेवटची ओळ. 'अंतिम समयी कुटुंबीयांच्या उपस्थितीबाबत सोयीनुसार निर्णय घेण्यात यावा.'

बोटं कळांवर थांबली. हे मूळ काय होतं?

"कुणी आलं नाही तरी चालेल." हे म्हणाले होते? खांद्याला झटका देऊन, खिडकीकडे बघत, म्हणू शकले असते. किंवा, "बाकीच्यांचं बाकीचे बघतील, तू तेवढा ये." हेही म्हणू शकले असते, त्याच खांद्याने, त्याच खिडकीकडे बघत. त्याने दोन्ही वाक्यं मनात वडिलांच्या आवाजात म्हणून पाहिली. दोन्ही बरोबर वाटली. पुन्हा म्हटली, हळू. दुसऱ्यांदा तर आवाजही निसटायला लागला, वडिलांचा राहिला नाही, त्याचा स्वतःचाच झाला, नीट, समजूतदार, कुणालाही न दुखावणारा… यांतलं एक त्याने स्वतःच्या हाताने, पगारी कौशल्याने, इतकं गुळगुळीत केलं होतं, की आता त्याला वर चढायला खाच उरली नव्हती.

दहातली चार मिनिटं गेली होती, बटण अजून मागेच होतं. ठमीचं रडणं, गुंड्याचं भांडणं, कोरी राहिलेली सहीची जागा, या सगळ्याचं भय अजून होतं, पण लांब कुठेतरी, दुसऱ्याच्या घरात असावं तसं. इथे या खोलीत फक्त तो एकच प्रश्न बसला होता — मला बोलावलं होतं, की नव्हतं? — आणि ज्याला विचारता आलं असतं त्याच्या तोंडात नळी होती, आणि ती तिथे असण्यातला मोठा वाटा माझा होता.

त्याने शेवटची ओळ खोडली. तिच्या जागी काहीच लिहिलं नाही. तेवढ्या पांढऱ्या पट्टीकडे तो बघत राहिला आणि आयुष्यात प्रथमच त्याला कुठल्याही वाक्याची इतकी भूक लागली, कच्च्या, ओबडधोबड, कुणीही हात न फिरवलेल्या.